झाडूगाडीतली खिडकीची जागा

चार सेफ्टी पिना. त्यातली एक गंजलेली.

*

आई, फोनवर: "तीन तास टीव्हीसमोर बसले होते. सगळं दिसलं. त्या निळ्या कपड्यांतल्या मुली दिसल्या, वरून नदी दिसली, शेतातली गुरं दिसली. तू कुठे होतीस?"

*

शाळेच्या बसमधल्या सीटा इतक्या बुटक्या असतात, की मोठं माणूस बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.

*

एकोणतिसाचा पाढा कुणालाच धड येत नाही. येतो म्हणणारा थाप मारतो.

*

खराटा. नवा कोरा, लांब दांड्याचा. पांढऱ्या गाडीच्या नाकावर सुतळीने बांधलेला.

*

शेवटून सुरुवात करते. कारण मी शेवटीच होते.

सायकलच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते. जी पडली, दमली, रडकुंडीला आली, तिला उचलायचं आणि मुक्कामाला नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम. रस्ता झाडून नेते म्हणून ती झाडूगाडी, आणि तिच्या पुढे खराटा बांधायची जुनी पद्धत आहे. त्या गाडीत पाय ठेवला की शर्यत संपली. ड्रायव्हर तुमच्या पाठीवरचा नंबर काढून घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही टाळ्या वाजवायला मोकळ्या.

माझ्या पाठीवर सत्त्याऐंशी नंबर होता.

सायकल चालवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जिंकण्याचा नाही, जिंकवण्याचा. संघात आम्ही सहा जणी. एक कॅप्टन, बाकी पाच तिच्या दिमतीला. तिच्यापुढे राहून वारा खायचा. मागे संघाच्या गाडीपर्यंत जाऊन पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, त्या पाठीत, पोटात, गळ्यात कोंबायच्या आणि गरोदर गाढवासारखं परत पुढे यायचं. मला सगळ्या गोचीड म्हणतात, कारण पुढच्या चाकाला चिकटले की सुटत नाही. पण डोंगर आला की गोचीडही गळून पडते.

गेल्या दोन शर्यती मी अर्ध्यावर सोडल्या होत्या. या चार दिवसांच्या शर्यतीआधी मॅनेजर बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. ही शर्यत पूर्ण केलीस तर पुढच्या वर्षी संघात, नाही तर नाही, एवढंच त्यांनी सांगितलं आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. संघात नाही म्हणजे घरी. घरी म्हणजे मामाच्या फरशांच्या दुकानात. तुझी खुर्ची पुसून ठेवलीय, असं मामा दर फोनला सांगतो. प्रेमानेच सांगतो.

*

पहिला दिवस. शेवटच्या चढाच्या पायथ्याशी मी कॅप्टनला सोडलं आणि गळाले. एकेक करून सगळ्या पुढे गेल्या. त्यांच्या गाड्या गेल्या, डॉक्टरांची गाडी गेली, धूळ बसली. मग मागून घरघर आली आणि पांढरी गाडी शेजारी लागली. काच खाली झाली.

"बसता का?"

मी मान हलवली. नाही.

"बरं."

काच वर. गाडी मागे. दोन वळणं झाली, पुन्हा शेजारी.

"बसता का?"

"आत्ताच नाही म्हटलं ना?"

"विचारावं लागतं. नियम आहे."

मी पाहिलं. कोपर खिडकीबाहेर टाकून बसला होता. त्याचा एकच हात रापलेला होता, खिडकीकडचा. दुसरा गोरापान. माझे दोन्ही हात बाहीपर्यंत काळे आणि वर पिठासारखे पांढरे. मनात आलं, दोघांचं मिळून एखादं धड माणूस होईल. मग मनात आलं, चढावर असलं काही मनात येतंय म्हणजे डोक्यातली साखर उतरलीय.

"चहा आहे. गरम."

"नको."

"खिडकीची जागा आहे."

"सगळ्याच खिडकीच्या असतील. गाडी रिकामी आहे तुमची."

"म्हणजे तुम्ही आत बघितलंत," तो म्हणाला. "बसायचं नसतं ते बघत नाहीत."

मी उभी राहून पायडल मारायला लागले, उगाच, जोर आहे असं दाखवायला. तो मागून म्हणाला, शाबास शेंडेफळ.

घरी मी थोरली. धाकट्या भावंडांना शेंडेफळ म्हणून मिळणारे लाड मी आयुष्यभर लांबून बघितलेत. डोंगरात, घामाने चिंब, एका परक्या माणसाकडून ती हौस भागेल असं वाटलं नव्हतं.

त्याने विचारलं, गाणी लावू का. मी म्हटलं, लावा, तुमच्या आवडीची. तो म्हणाला, आवड माझी नाही, पोरांची आहे. वर्षभर तो शाळेची बस चालवतो, ही तीच बस, शर्यतीपुरती मागून आणलेली. आणि स्पीकरमधून पन्नास पोरांच्या आवाजात सुरू झालं: बे एके बे, बे दुणे चार...

हसू आलं की चढावर लय जाते. माझी गेली नाही. उलट बसली. बे त्रिक सहाला उजवा पाय, बे चोक आठला डावा. साताच्या पाढ्यापर्यंत कशी आले कळलं नाही.

तेवढ्यात पुढून मोटरसायकलवरच्या पंच बाई आल्या, शिट्टी तोंडात. स्पर्धकाला मदत चाललीय का, असं त्यांनी विचारलं. चहा दिलात तर मदत, ढकललंत तर मदत, गाडीच्या आडोशाला घेतलंत तर मदत. पाढ्यांचं काय, असं त्याने अगदी साळसूदपणे विचारलं. बाईंनी शिट्टी काढली, विचार केला, पुस्तकात पाढ्यांबद्दल काही नाही म्हणाल्या आणि निघून गेल्या. जाताना त्याही बारा साते चौऱ्याऐंशी पुटपुटत होत्या.

"एकोणतिसाचा येतो?" त्याने मला विचारलं.

"कुणाला येतो?"

"वर पोचेपर्यंत म्हणून दाखवलात तर आज परत विचारणार नाही."

एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. आणि तिथे मी अडकले.

"तिथवर पुरे आहे," तो म्हणाला. "त्रिकाला तुम्हीच आहात."

माझा नंबर. पाठीवरचा. मागून येणाऱ्या माणसाला तेवढंच दिसत असणार.

मी वर वेळेत पोचले. त्याने परत विचारलं नाही. मला मात्र... असो.

*

दुसरा दिवस. सपाट रस्ता, सरळ वारा, माझ्या जातीचं काम. दिवसभर पुढे होते. बाटल्या आणल्या, वारा खाल्ला, कॅप्टनला शेवटच्या वळणापर्यंत आणून सोडलं, मुख्य घोळक्यात पोचले. कित्येक महिन्यांत इतकं चांगलं चालवलं नव्हतं.

आणि तो दिवसभरात दिसला नाही. दिसणार कसा? मी पुढे, तो सगळ्यात मागे, मध्ये अख्खी शर्यत. हा हिशेब तेव्हाच माझ्या लक्षात आला: मी हरत असले तरच तो दिसतो.

कॅप्टनच्या मात्र दुसरंच लक्षात आलं. "सारखी मागे काय बघतेस?" ती चालत्या सायकलवर म्हणाली. "काय ठेवलंयस तिथे?"

*

फोन. माझ्याच बाजूचा:

"हो, जेवले. ... नाही पडले. ... अगं आई, ज्या दिसतात ना, त्यांच्यापुढे तिथवर मीच होते. कॅमेरा सुरू व्हायच्या आधी. ... कोण? कुणी नाही. ... नाही, आवाज नेहमीसारखाच आहे माझा. ... सर्दी असेल. ... मामाला सांग, खुर्चीवर कपडा टाकून ठेव म्हणावं."

*

त्याच संध्याकाळी हॉटेलच्या मागे, गाड्या लावतात तिथे, आमचे मेकॅनिक काका सायकली धूत होते. मी जाऊन ब्रेकबद्दल विचारलं. मग गिअरबद्दल. मग पुन्हा ब्रेकबद्दल. काकांनी साबणाचा ब्रश खाली ठेवला.

"तुझे ब्रेक उत्तम आहेत, बाळा. तो तिकडे नळापाशी आहे."

तो खराट्यावरचा चिखल धूत होता. खराटा धुणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, घाण खराट्याने रस्ता झाडला तर लोक काय म्हणतील?

आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो. म्हणजे पायरीवर मी, आणि तो उलट्या बादलीवर. मग तो हळूहळू सांगत गेला. ड्रायव्हिंग अवघड नाही, नंबर काढणं अवघड. मुली आत बसतात, हात गारठलेले असतात, स्वतःच्या पाठीवरच्या पिना स्वतःला निघत नाहीत. मग त्याला काढाव्या लागतात. एकही मुलगी त्या वेळी मागे वळून बघत नाही. खांद्यांवरून कळतं, रडतेय. आधी चहा द्यायचा आणि मग पिना, एवढी सुधारणा त्याने स्वतःच्या डोक्याने केली होती.

मी त्याला गंजलेल्या पिनेचं सांगितलं. माझ्या पहिल्या शर्यतीपासून एक पिन तीच आहे. अंगात जर्सी घातल्याशिवाय नंबर सरळ बसत नाही, म्हणून आम्ही एकमेकींना लावून देतो. ज्या मुलीने पहिल्यांदा मला लावला, तिने कधीच सायकल सोडली. तिची पिन राहिली.

"ती कुठल्या कोपऱ्याला असते?"

"डावीकडे, खाली."

"म्हणजे ती मी शेवटी काढेन," तो म्हणाला. मग एकदम जीभ चावली. "म्हणजे... काढायची वेळ येणार नाही. तसं नाही म्हणायचं मला."

"कळलं."

"नाही, म्हणजे तुम्ही बसावं असं मला—"

"झाडूवाले," मी म्हटलं, "कळलं."

त्याचे कान लाल झाले. खराटा पुन्हा धुवायला घेतला त्याने. स्वच्छ होता.

*

तिसरा दिवस.

हा दिवस मला तुकड्यातुकड्यांत आठवतो.

मोठा घाट. पाऊस बारीक, सुईसारखा. कॅप्टनचं पुढचं चाक पंक्चर झालं, आमची गाडी मागच्या गर्दीत अडकलेली. मी थांबले, माझं चाक काढलं, तिला दिलं. यात मोठेपणा नाही, तसं ठरलेलंच असतं. ती गेली. मी धुक्यात एका चाकाची सायकल धरून उभी. सुरकुतलेली बोटं, निथळती वेणी, आणि शेजारून जाणाऱ्या सायकलींचे नुसते आवाज.

काका आले, चाक बसवलं, पाठीवर थाप मारली आणि कॅप्टनमागे गेले. तेही ठरलेलंच.

नियम असा: पहिली जेवढ्या वेळात पोचेल, त्याच्यावर थोडी सूट. त्या सुटीच्या आत पोचलात तर राहिलात, नाही तर बाद. माझ्याकडे सुटीचं शेपूट उरलं होतं.

चढत राहिले. मागे घरघर होतीच. पण आज काच खाली होत नव्हती, आज तो विचारत नव्हता. बोटांना गिअर लागेना. डोळ्यांत पाणी, त्यातलं पावसाचं किती ते माहीत नाही. मला दुकान दिसलं, फरशा दिसल्या, पुसलेली खुर्ची दिसली, आणि खरं सांगते, ती खुर्ची मला उबदार वाटली. त्याहून उबदार काय वाटलं तेही सांगते. थर्मास. बुटकी सीट. त्याचा तो एक काळा आणि एक गोरा हात.

मी पाय टेकवला.

हे आम्ही करत नाही. चढावर पाय टेकला की तो परत उचलत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यालाही. गाडी थांबली. काचांवर आतून वाफ साचलेली, आतलं काही दिसत नव्हतं. फक्त त्याच्या बाजूची काच बोटभर उघडी.

"उघड," मी म्हटलं.

काच तेवढीच राहिली.

"दार उघड. मला बसायचंय."

"जागा नाही," तो म्हणाला.

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मला वाटलं, ऐकू नीट आलं नाही.

"गाडी भरलीय," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा विचित्र येत होता. "आज सगळ्याच बसल्यात. मधल्या वाटेतसुद्धा."

"मी उभी राहीन."

"उभ्याने न्यायची परवानगी नाही. शाळेची बस आहे."

"मग मी काय करू?"

"अजून तीन वळणं. मग उतार आहे. मी मोठे दिवे लावतो, रस्ता दिसेल." मग, खूप हळू: "जा ना... वेळ आहे अजून."

मी त्याला जे काही बोलले ते इथे सांगत नाही, आई वाचेल. एवढंच सांगते की अरे-तुरेमध्ये बोलले, आणि रागाच्या भरात पाय उचलला.

मागून दिवे पडले. धुक्यावर माझी सावली उमटली, ताडमाड, झाडांच्या शेंड्यांपर्यंत. मी तिच्या मागे लागले. स्पीकरमधून पोरं ओरडत होती, आठी आठी चौसष्ट, आठी नव्वे बहात्तर. पहिलं वळण. दुसरं. तिसऱ्यानंतर रस्ता खाली वाकला आणि मी वाऱ्यावर पडून राहिले.

वेळेच्या अगदी काठावर पोचले. वेळ मोजणाऱ्या माणसाने घड्याळ दोनदा बघितलं आणि मान डोलावली.

झाडूगाडी मागून आली तेव्हा मी तोंड फिरवून उभी होते. एवढ्या जणींना जागा आणि मला नाही. निदान चहा तरी विचारायचा.

*

चौथा दिवस. शेवटचा.

सकाळी कॅप्टनने माझा नंबर लावला. तुझ्या चाकामुळे पहिल्या तिघींत आहे, असं ती पिना दातांत धरून म्हणाली. चौथी पिन, गंजलेली, डावीकडे खाली.

मॅनेजर बाईंची योजना साधी होती. सुरुवातीलाच मी घोळक्यातून पळ काढायचा, म्हणजे बाकीच्या संघांना माझ्यामागे धावून दमावं लागेल आणि कॅप्टन मागे आरामात राहील. शेवटपर्यंत टिकायची अपेक्षा नाही, हे त्यांनी सौम्यपणे सांगितलं. संध्याकाळी रेष ओलांड, बाकी माझ्यावर सोड.

मी पळाले.

आणि मग त्या सगळ्या हुशार, अनुभवी बायकांनी आमच्याच धंद्यात होते ती चूक केली. घोळक्यात प्रत्येकीने मागे वळून विचारलं, कोण गेली? सत्त्याऐंशी. एकूण यादीत तळाची. कालची शेवटची. हिच्यामागे आपण का धावावं, दुसऱ्या संघाने धावावं. दुसऱ्या संघालाही तसंच वाटलं. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मी जात राहिले.

एकटं असलं की शांतता फार असते. नुसती साखळीची कुरकुर. वारा कडेने येत होता, तो खायची मला सवयच. फक्त आज माझ्यामागे कुणी नव्हतं. मी दोन-तीनदा वळून बघितलं. रिकामा रस्ता. तो रस्ता जिथे संपतो तिथे कुठेतरी खराटा असणार, असा विचार आला, आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

म्हणून मी पाढे म्हणायला लागले. मोठ्याने. एकोणतिसाचा. सत्त्याऐंशीपाशी अडकायचे आणि परत पहिल्यापासून. एके, दुणे, त्रिक. एके, दुणे, त्रिक. शेवटच्या सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं, हात पुढे काढून ओरडणारी, आणि मला वाटतंय, ही सगळी कुणासाठी ओरडतायत?

रेष माझ्या चाकाखालून गेली तेव्हा मी त्रिकावर होते.

*

"आई. ... हो. हो, मीच. ... रडू नकोस ना. ... काय पुटपुटत होते? देवाचं नाव नव्हतं गं. ... पाढे. ... हो, पाढे. ... नंतर सांगते. ... सर्दी नव्हती ती. नंतर सांगते म्हटलं ना."

*

फुलं मिळाली. मोठा चषक मिळाला, त्यात काकांनी लगेच पाणी ओतून प्यायलं. कॅप्टन एकूण तिसरी आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मॅनेजर बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षीची जर्सी एक माप लहान शिवूया, ही वाऱ्यात फडफडते. त्यांची हीच पद्धत. मी दोनदा हो म्हटलं.

नंबर काढू का, असं कॅप्टनने विचारलं. मी नको म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे, मग हसायला लागली आणि बाकीच्यांना बसमध्ये हाकलून घेऊन गेली.

मी फुटपाथच्या कडेला बसले. माणसं पांगली. कामगार कठडे उचलायला लागले, कुणीतरी कागदाचे कपटे झाडत होतं. अजून बायका येत होत्या, दोघी, मग एक, मग बऱ्याच वेळाने आणखी एक, लंगडत. आणि तिच्यामागे, चालीच्या वेगाने, खराटा.

तो उतरला. एक दार लावायला त्याला फार वेळ लागला.

"रेडिओवर सत्त्याऐंशी ऐकलं," तो म्हणाला. "वाटलं, कुणीतरी चुकीचा नंबर वाचतंय. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा मी गाडी थांबवली. मग आठवलं, मला थांबता येत नाही. जन्मात पहिल्यांदा वाटलं, पुढच्या बाईला जरा ढकलावं."

"ती मदत झाली असती."

"म्हणून पाढे लावले."

मी उठले आणि त्याच्याकडे पाठ केली.

"काढ," मी म्हटलं.

"जिंकलेल्या बाईचा नंबर मी कधी काढला नाही."

"मग सवय कर."

त्याची बोटं थंड होती. पहिली पिन. दुसरी. तिसरीला तो थांबला. नेहमी ह्या वेळी कुणी मागे वळून बघत नाही, असं तो म्हणाला होता. मी वळून बघितलं. इतक्या जवळून त्याच्या भुवईतला एक पांढरा केस दिसला.

"हलू नकोस," तो म्हणाला. "टोचेल."

नकोस. मी ऐकलं. त्यानेही ऐकलं असावं, कारण कान पुन्हा लाल झाले.

चौथी पिन निघाली. नंबर त्याने घडी न करता माझ्या हातात दिला, तीन पिनांसकट. गंजलेली स्वतःच्या खिशात टाकली.

"ती माझ्या पहिल्या शर्यतीची आहे."

"माहीत आहे. पुढच्या शर्यतीआधी परत न्यायला यावं लागेल."

"पुढच्या वर्षी मी पुढे असेन," मी म्हटलं. "तुला दिसणार नाही."

"मी मागेच असेन. तू वळून बघू नकोस, वेग जातो."

"आणि बघितलंच तर?"

"तर..." तो खराट्याकडे बघत म्हणाला, "तर धुऊन ठेवलेला असेल."

कामगारांनी शेवटचा कठडा उचलला. रस्ता नेहमीचा रस्ता झाला, एक स्कूटर गेली, एक बाई भाजी घेऊन गेली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आता नियम नाही. तरी... बसतेस का? पुढच्या सीटवर. तिथे पाय लांब करता येतात."

"कुठे जायचं?"

"सांगशील तिथे. मला हळू चालवायची सवय आहे."

सायकल आम्ही मागे आडवी ठेवली, दोन सीटांच्या मधल्या वाटेत. थर्मासमध्ये चहा होता, गार झालेला. मी तो सगळा प्यायले.

*

तिसऱ्या दिवशी, घाटात, धुक्यात, त्या गाडीत त्याच्याशिवाय कुणीही नव्हतं.